यादोभाऊ आणि जमिनीत जाणारी तार

यादोभाऊ कापगते घरात आले की आधी पंखा बंद पडतो.

हे गृहस्थ कोणाच्याही घरी गेले तरी राम राम म्हणायच्या आधी मीटरकडे जातात, मेन स्विच खाली ओढतात, फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकतात आणि मगच चपला काढतात. तुम्ही त्यांना दुरुस्तीला बोलावलेलं असो, नाहीतर नुसतं चहाला, फरक पडत नाही. फ्यूज त्यांच्या खिशात आणि तुम्ही घामात. निघताना ते फ्यूज परत लावतात. आतल्या खोलीत पंखा फिरायला लागला की घरच्यांना कळतं, पाहुणे गेले.

"आज त काही काम नाई भाऊ, मेन काऊन काढला?" असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं आहे.

"करंट ओळख ठेवत नाई बापू. अन् मी पाहिल्याबिगर बसत नाई."

आमच्या केशोरीत धानाची शेती आणि धानाच्याच गप्पा. त्यामुळे यादोभाऊ हा गावाचा मोठाच विरंगुळा. वय पासष्टच्या आसपास, अंगानं काटकुळे, खिशात पेन असायच्या जागी टेस्टर. पिशवी माझ्याच दुकानातल्या खताच्या पोत्याची शिवलेली. माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. मी रागीट आहे असं गावात म्हणतात, आणि माझी बायको सुमन ते पुराव्यानिशी पटवून देते. पण यादोभाऊंपुढे माझा राग म्हणजे किरकोळ माल. गावातल्या निम्म्या घरांची वायरिंग त्यांच्या हातची आहे, आणि त्या निम्म्या घरांतला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्या शिव्या खाऊन बसलेला आहे.

दुरुस्तीला आले की ते आधी दुरुस्त करत नाहीत, आधी ओरडतात. जोडावर कोणी नुसती टेप गुंडाळलेली दिसली की, "टेप म्हनजे कपडा आहे, जोड नोहे! नागड्याले कपडा घातला म्हनून तो शहाणा होते काय?" एका लग्नात मांडवाच्या खांबावरून जाणारी असली वायर त्यांना दिसली. नवरदेव बोहल्यावर, भटजींनी पहिली ओळ उचललेली, आणि यादोभाऊंनी मेन काढला. बँड, माईक, लाइटच्या माळा, सगळं गप्प. भटजींनी उरलेलं लग्न घसा फोडून लावलं आणि नवरीच्या बापानं यादोभाऊंना पुढची दोन वर्षं राम राम केला नाही. यादोभाऊंनी त्या खांबावरचा जोड मात्र नीट करून दिला आणि जेवण न करता निघून गेले.

नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला आम्ही एकदा बरोबर गेलो होतो. देवळाच्या लोखंडी कठड्याला हात लावायच्या आधी त्यांनी टेस्टर लावला. मागे दर्शनाची रांग खोळंबली. टेस्टर पेटला नाही तेव्हा त्यांनी हात जोडले आणि रांगेला सांगितलं, "महादेव ठीक आहे. चला."

एवढंच कशाला, त्यांच्या मुलीसाठी बालाघाटकडचं स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांनी मुलाचं शिक्षण सांगितलं, शेती सांगितली. यादोभाऊंनी एकच विचारलं, "तुमच्या घरचं अर्थिंग कोनं केलं?" मग स्वतः जाऊन पाहून आले. अर्थिंग चांगलं निघालं, पोरगी दिली. पोरगी सुखात आहे, हेही इथं सांगून टाकतो. त्यांची बायको मुलीच्या लग्नाच्या आधीच वारली होती. मुलगी सासरी गेल्यापासून घरात ते एकटेच.

अर्थिंग हा त्यांचा देव. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी त्यांचीच व्याख्या देतो: "घरात करंट चोरावानी कुठून तरी सुटते. त्याले जमिनीत जायाले एक वाट करून देनं, याचं नाव अर्थिंग. वाट नसली त चोर घरातच फिरते, अन् कोनाच्या तरी अंगावर जाते." हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. पाठ असण्याचा आणि कळण्याचा काही संबंध नसतो, हे मला गेल्या मे महिन्यात कळलं.

त्याआधी आमच्या कूलरबद्दल सांगायला हवं. आमचा कूलर चावायचा. म्हणजे त्याच्या पत्र्याला ओला हात लागला की मुंग्या यायच्या, कधी चांगला झटका बसायचा. त्यावर आमच्या घरानं उपाय शोधला होता. कूलरपुढे लाकडी पाट ठेवायचा, पायात रबरी चपला घालायच्या आणि मग पाणी ओतायचं. पाहुणे आले तर त्यांना आपुलकीनं सांगायचं, "जरा जपून, चावते तो." घरच्या कुत्र्याबद्दल सांगावं तसं. पाच-सात उन्हाळे आम्ही असे काढले. यादोभाऊंना कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी सगळ्या घराला उभं-आडवं झापलं असतं, आणि भर उन्हाळ्यात दिवसभर फ्यूज खिशात घालून बसले असते. त्यापेक्षा पाट बरा.

तर गेल्या मे महिन्यात आईला ऊन लागलं. वय अठ्ठ्याहत्तर, छाती आधीच नाजूक. आठ दिवस गोंदियाच्या दवाखान्यात काढले. सुट्टीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "खोली थंड पाहिजे, पण कूलरची ओली हवा यांच्या छातीला चालणार नाही. एसी लावून घ्या. घरी नेल्यावर पुन्हा गाडीत घालून फिरवू नका. या वयात दुसऱ्यांदा ऊन लागलं तर मी काहीच सांगू शकत नाही."

मी त्याच दिवशी एसी घेतला. दुकानाचा फिटर दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. त्यानं आईच्या खोलीच्या भिंतीवर आतलं मशीन टांगलं. बाहेरचं मशीन ठेवायला मागच्या पडवीत लोखंडी स्टँड उभा केला, आणि तो हलू नये म्हणून पडवीच्या लोखंडी कठड्याला नटबोल्टनं आवळून टाकला. हा कठडा मीच आईसाठी बसवून घेतला होता. तिच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत ती तो धरूनच जायची.

"लाइन का काम हमारा नहीं है भैया," फिटर हत्यारं आवरत म्हणाला. "वायरमन से करवा लो. और जल्दी है तो कूलरवाले पॉइंट में लगा दो, चल जाएगा."

तो गेला आणि साडेबाराला आईला घेऊन गाडी आली. तिला पलंगावर निजवलं तेव्हा तिचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा लाल होता. वर पंखा फिरत होता, पण गरम हवा खाली ढकलण्यापलीकडे त्याच्यानं काही होत नव्हतं. मला घाई होती. हॉलमधल्या कूलरशेजारचा पॉइंट मोकळा होता. लांब वायर जोडली, एसीची पिन हातात घेतली आणि बसवली.

पंखा बंद पडला.

मला वाटलं, एसीच्या लोडनं फ्यूज उडाला. दाराकडे पाहिलं तर मीटरखाली यादोभाऊ उभे. फ्यूज त्यांच्या खिशात गेला होता आणि ते चपला काढत होते.

त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. सकाळी टेंपोत एसीचं खोकं पाहिलं आणि सायकलीवर मागे मागे आले होते, फिटर जायची वाट पाहत समोरच्या पानठेल्यावर दोन तास बसले होते.

"काढ ते पिन," ते म्हणाले. "कूलरच्या पॉइंटावर एसी? म्हशीचं ओझं बकरीवर टाकून राहिला काय?"

"भाऊ, आई आत पडली आहे. डॉक्टरनं सांगितलं..."

"मले सगळं मालूम आहे. म्हनूनच आलो. मीटरपासून काकीच्या खोलीपर्यंत वेगळी लाइन पायजे, जाड तांब्याची. तिचा वेगळा स्विच. अन् अर्थिंग पाहिल्याबिगर मी हो म्हनत नाई. दोन घंटे लागन."

"तोवर पंखा तरी चालू द्या!"

"चालू लाइनवर काम करत नाई मी."

शेजारी न्यावं तर सगळीकडे कूलरच. पुन्हा गाडीत घालायची नाही. मी आतून पेटलो, पण करणार काय? फ्यूज त्यांच्या खिशात होता. सुमननं आईच्या कपाळावर ओला फडका ठेवला आणि हातपंख्यानं वारा घालायला लागली. यादोभाऊ शिडीवर चढले आणि मीटरपासून वायर ओढायला लागले.

दोन वाजले. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आईचे ओठ कोरडे पडायला लागले होते. चमच्यानं साखर-मीठ घातलेलं पाणी पाजलं तर अर्धं बाहेर यायचं. यादोभाऊ भिंतीवर पट्टी ठोकत होते, एकेक खिळा मोजून मारल्यासारखा. मी दर पाच मिनिटांनी त्यांच्याकडे जायचो आणि ते दर पाच मिनिटांनी म्हणायचे, "होऊन राहिलं."

तीनला आईनं हाकेला ओ दिली नाही. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा फक्त पापण्या हलल्या. माझा तोल गेला. मी शिडीखाली जाऊन उभा राहिलो आणि जन्मात कोणाला बोललो नव्हतो असं बोललो.

"यादोभाऊ, तुमच्या या पाखंडापायी माझी माय जाईन! ऐकून राहिले काय? तुमीच माराल तिले!"

त्यांनी पेचकस खाली केला. माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"गेली त गरमीनं जाईन बापू," ते म्हणाले. "माझ्या हातानं नाई जानार."

असं तोंडावर बोलणारा माणूस. मला त्यांना शिडीवरून ओढावंसं वाटलं, हे मी कबूल करतो. पण त्याच वेळी आतून आईचा बारीक आवाज आला, "यादो आला काय गा? झालं काय त्याचं?" तिचा आवाज ऐकूनच माझ्या जिवात जीव आला. मी पुन्हा आत गेलो आणि पंखा हातात घेतला.

साडेतीनला लाइन पूर्ण झाली. एसीची अर्थिंगची तार घराच्या जुन्या अर्थिंगला जोडली. आता फक्त तपासणी, असं म्हणून त्यांनी फ्यूज लावला. "कोनी कशाले हात लावू नका," हे दोनदा सांगून ते टेस्टर घेऊन मागच्या पडवीत गेले. पंखा फिरला. हॉलमधला कूलर चालू राहिलेला होता, तोही घरघरला. घरात सगळ्यांनी श्वास सोडला. सुमन आईसाठी थंड पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली.

मी यादोभाऊंच्या मागे पडवीत उभा होतो. त्यांनी स्टँडला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. त्यांनी कठड्याला लावला. तिथंही लाल दिवा पेटला.

एसी अजून चालूही केलेला नव्हता. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला काही क्षण लागले. कूलरच्या पत्र्यात फिरणारा चोर करंट अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जायला हवा होता. तो जमिनीत जात नव्हता. तो त्याच तारेनं एसीकडे येत होता, एसीतून स्टँडमध्ये, स्टँडमधून कठड्यात.

आणि तेवढ्यात दारात आई दिसली. पंखा लागल्यानं तिला बरं वाटलं होतं आणि तिला बाथरूमला जायचं होतं. अनवाणी होती. कपाळावरच्या फडक्यातलं पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं. रोजच्या सवयीनं तिनं कठड्याकडे हात पुढे केला.

सगळ्या गावावर जन्मभर ओरडलेल्या माणसाच्या तोंडून त्या वेळी आवाज फुटला नाही. यादोभाऊ नुसते पुढे झेपावले आणि त्यांनी तिचा हात हवेतच धरला. कठड्यापासून वीतभर अंतरावर.

"काय झालं गा?" आई म्हणाली.

"काही नाई काकी," ते कसेबसे म्हणाले. "माह्या हाताले धरून चाला."

ते तिला भिंतीकडच्या बाजूनं बाथरूमपर्यंत घेऊन गेले. सुमन धावत आली. मी जाऊन मेन काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः फ्यूज काढून खिशात घातला.

मग त्यांनी अर्थिंगची तार धरून तिचा माग काढायला सुरुवात केली. भिंतीवरून, बाथरूमच्या मागून, परसात नळापर्यंत. तिथं लोखंडी पाइपाला पितळी चाप बसवून तार आवळलेली होती, तीन वेढे आणि वर उलटी गाठ. यादोभाऊंनी गाठीवरून बोट फिरवलं.

"हे माझंच काम आहे," ते म्हणाले. "तुह्या बाबांनी घर बांधलं तवाचं."

त्या काळी नळाचा पाइप लोखंडी होता, जमिनीत खोल गेलेला. अर्थिंग त्याला बांधायची रीत होती. काम पक्कं होतं. त्यांनी पाइपाखालची माती बोटांनी उकरली. वीतभर खाली लोखंड संपलं आणि पांढरा प्लास्टिकचा पाइप सुरू झाला.

आता इथं मला माझं सांगावं लागतं. तो पाइप मी बदलला होता. सात-आठ वर्षांपूर्वी जुना सडला म्हणून प्लंबर बोलावला. तो सगळाच काढायला निघाला तेव्हा मीच त्याला अडवलं. म्हणालो, "वरचा तुकडा राहू दे, त्याले यादोभाऊची तार बांधली आहे. तिले हात लागला त ते माझं जगनं हराम करतील." प्लंबरनं माझं ऐकलं. तार जशीच्या तशी राहिली, गाठसुद्धा हलली नाही. फक्त तिच्या खालची जमीन आम्ही काढून घेतली. कूलर चावायला लागला तो त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून, हेसुद्धा मला तिथं उकिडवं बसल्यावर आठवलं.

मी सगळं सांगितलं. कूलरचं, पाटाचं, चपलांचं. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

यादोभाऊ मातीत बसले होते.

"पाइप बदलला तवा मले बोलावलं काऊन नाई?"

"तुमी ओरडता, भाऊ."

"कूलर चावून राहिला, तवा?"

मी उकरलेली माती हातानं परत लोटायला लागलो.

"मी वरडतो म्हनून," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी हात झटकले आणि आपल्या उजव्या पंजाकडे पाहत राहिले. मला आठवलं, तासाभरापूर्वी ते काय म्हणाले होते: माझ्या हातानं नाई जानार. मला त्या वेळी स्वतःचीच लाज वाटली.

"ऊठ," ते एकदम म्हणाले. "कुदळ आन."

कापगत्यांच्या घराण्यात पूर्वी तळी बांधायचे. पाणी कुठं मुरतं आणि कुठं थांबतं हे त्यांच्या वाडवडिलांना जमिनीकडे पाहून कळायचं म्हणतात. यादोभाऊ परसात इकडून तिकडे फिरले, दोन ठिकाणची माती मुठीत दाबून पाहिली, आणि बाथरूमचं पाणी जिथं जिरतं तिथं टाच मारली. "इथं खन. मे महिन्यात बी इथं ओल रायते."

मी खणायला लागलो. चार वाजताच्या उन्हात, दुकानात बसून मऊ झालेल्या हातांनी. ते खड्ड्याच्या काठावर उभे राहून एकदाही ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. कमरेइतकं खाली गेल्यावर त्यांनी कुदळ माझ्या हातातून घेतली आणि स्वतः उतरले. छातीइतक्या खोलीवर काळी ओली माती लागली. त्यांनी ती हातात घेऊन मला दाखवली, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर थोडं बरं दिसलं.

पिशवीत लोखंडी पाइप होताच. इस्त्रीवाल्याकडून मी कोळसा आणला. मीठ लागतं म्हटल्यावर सुमन थबकली, कारण घरात खडे मीठ होतं ते कैरीच्या लोणच्यासाठी आणलेलं. आतून आईनंच सांगितलं, "लोनचं राहू दे यंदा. टाका म्हना मीठ." मग कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, आणि वर पाणी ओतायला हातभर खड्डा मोकळा. त्यावर बारा बादल्या पाणी. नवी तार पाइपाला आवळताना त्यांनी तीच गाठ मारली, तीन वेढे आणि वर उलटी.

मग शंभरचा बल्ब आला. एक वायर लाइनला, दुसरी नव्या अर्थिंगला. वाट खरी असेल तर बल्ब लख्ख पेटतो, खोटी असेल तर मिणमिणतो किंवा पेटतच नाही. मी फ्यूज त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लावला.

बल्ब उन्हातसुद्धा डोळ्यांवर आला.

त्यांनी स्टँडला टेस्टर लावला, कठड्याला लावला, मग कूलरला. सगळीकडे टेस्टर मेल्यासारखा. एवढं झाल्यावर त्यांनी स्वतःचा पंजा पाण्यात बुडवला, चपला काढल्या आणि ओल्या हातानं कठडा घट्ट धरून उभे राहिले. मला हे असलं करायची बंदी आहे, तुम्हीही करू नका. पण त्यांना स्वतःच्या हातानं खात्री करायची होती.

"आता हो," ते म्हणाले.

साडेपाचला एसी लागला. आईच्या खोलीत गार हवा उतरली. पंधरा मिनिटांनी तिच्या चेहऱ्याचा लाल रंग उतरायला लागला, ती अख्खा पेलाभर पाणी प्यायली आणि झोपली. यादोभाऊ दाराशी उभे राहून तिचा श्वास पाहत होते. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. माफी मागायला मी तोंड उघडलं तर पिशवी उचलून म्हणाले, "खड्डा सुकला त चोराची वाट बंद. त्याले आठ दिवसाले दोन बादल्या पानी पायजे. तू विसरशील. मीच येतो." आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाव पालथं घातलं. नळाच्या पाइपाला त्यांनी पूर्वी जिथं जिथं अर्थिंग बांधलं होतं, त्या प्रत्येक घरी न बोलावता जाऊन माती उकरून पाहायला लागले. मला हे दुकानात येणाऱ्यांकडून कळायचं. "यादोभाऊले खूळ लागलं. काल आमच्या परसात खनून राहिला होता." काहींनी खड्डे करून घेतले. बऱ्याच जणांनी त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं. मी दुकानात बसून सगळ्यांना कठड्याची गोष्ट सांगायला लागलो, माझ्या मूर्खपणासकट. त्यामुळे आणखी काही दारं उघडली.

दर रविवारी सकाळी ते आमच्याकडे यायचे. मेन काढायचे, खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचे आणि आईजवळ दहा मिनिटं बसायचे. बंद एसीच्या खोलीत दोघं घाम पुसत बोलायची. कोणाच्या घरी काय झालं, तिच्या माहेरच्या गावातलं तळं कोणी बांधलं, असलं काहीतरी. दहा मिनिटांची वीस मिनिटं झाली. जाताना पंखा सुरू व्हायचा.

मग पावसाळा लागला, परस चिखलानं भरलं आणि यादोभाऊ यायचे थांबले. खरंच होतं, खड्ड्याला पाण्याची गरज नव्हती. एक रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या घरावरून जात होतो. ते ओसरीवर एकटेच बसून फडक्यानं टेस्टर पुसत होते. चकचकीत टेस्टर. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"काऊन भाऊ, येऊन नाही राहिले?"

"खड्डा ओला आहे ना बापू," ते म्हणाले. "बिनकामाचं कायले कोनाच्या घरी जायाचं? मी गेलो का लोकायचा पंखा बंद होते."

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती खिडकीतून परसाकडे पाहत राहिली. खड्डा काठोकाठ भरला होता, त्यात बेडूक बसले होते.

"त्याले सांग," ती म्हणाली, "खड्डा सुकला."

"आई, त्याच्यात बेडकं पोहून राहिली!"

"म्या म्हनलं ते सांग."

मी गेलो आणि सांगितलं. यादोभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, वर भरलेल्या आभाळाकडे पाहिलं, आणि छत्री घेतली.

आमच्याकडे आल्यावर सवयीनं त्यांचा हात मीटरकडे गेला. आतून आईचा आवाज आला, "यादो, राहू दे गा पंखा. ये, बस." त्यांचा हात तसाच थांबला. मग खाली आला.

ते परसात गेले. भरलेल्या खड्ड्यापुढे छत्री धरून उभे राहिले. पाहिल्याशिवाय हो न म्हणणारा माणूस, त्यांनी नीट पाहिलं. नळावरून तांब्याभर पाणी घेतलं आणि त्या पाण्यात सावकाश ओतलं. बेडूक बाजूला झाले.

"सुकलाच होता काकी," ते खिडकीकडे पाहून म्हणाले. "आता आठ दिवसाची काळजी नाई."

"मंग आठ दिवसानं ये," आई म्हणाली.

ते आत येऊन चालू पंख्याखाली बसले आणि सुमननं चहा ठेवला. त्या पावसाळ्यात आमच्या परसातला तो खड्डा दर रविवारी सुकला.